बहिरी ससाण्याचा पंचनामा

एकाहत्तरच्या नोव्हेंबरात एका सकाळी मी गच्चीवर दात घासत उभा होतो आणि समोरच्या पाण्याच्या टाकीवरून काहीतरी सुटलं. पंख मिटून, दगडासारखं, सरळ खाली. कापड टरकावल्यासारखा आवाज झाला, आणि किराणा दुकानाच्या कौलांवरून नुकताच उठलेला पारव्यांचा थवा चारी दिशांना फुटला. त्यातला एक पारवा कमी झाला होता. हवेत नुसती पिसं तरंगत होती, आणि एक काळपट पाखरू पायात गाठोडं घेऊन निवांतपणे टाकीकडे परत चाललं होतं. माझ्या तोंडातला फेस तोंडातच राहिला.

मी मुरलीधर पांढरीपांडे, जबलपूरच्या एका फॅक्टरीत स्टोअर्समध्ये अप्पर डिव्हिजन क्लार्क. आयुष्यात कोणाला न विचारता मी काही केलं नव्हतं. नोकरी वडिलांनी लावली, लग्न मामांनी जुळवलं, चष्म्याची फ्रेम बायकोने निवडली. पण त्या सकाळी मी चूळ भरली आणि कोणाला न विचारता ठरवलं की या पाखराचा फोटो काढायचा. एकच. पण असा, की पाहणाऱ्याच्याही तोंडातला फेस तोंडात राहिला पाहिजे.

लायब्ररीतल्या जाड इंग्रजी पुस्तकात चित्रं पाहून मी पाखराची ओळख पटवली. बहिरी ससाणा. पाठ पाटीसारखी करडी, छाती पांढरी, डोळ्यांभोवती पिवळ्या कडा आणि दोन्ही गालांवर काळ्या झुबकेदार मिशा. थंडीपुरता उत्तरेकडून, पार सैबेरियाच्या अंगाने येतो आणि उन्हाळ्याआधी परततो. म्हणजे माझ्या हातात एवढा हिवाळाच होता.

शैलजाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, मी हा बेत जेवताना सांगितला.

"त्याचा फोटो काहून पाहिजे?" तिने वरण वाढता वाढता विचारलं. "स्थळ पाहून राहिले का त्याच्यासाठी?"

ही बाई नागपूरची. तिच्या माहेरी सगळेच असं बोलतात आणि सगळेच स्वतःला शांत स्वभावाचे समजतात. पण तिनेच मार्ग काढला. तिचा धाकटा भाऊ रत्नाकर इटारसीला रेल्वेत होता आणि त्याच्याकडे एक रशियन कॅमेरा होता. सोबत एक साधं भिंग, आणि दुसरं हातभर लांब, दूरचं जवळ आणणारं.

रत्नाकर कॅमेरा घेऊन स्वतः आला. गाडीत त्याने तो पूर्ण वेळ मांडीवर ठेवला होता. निघताना त्याचा चेहरा मुलीची पाठवणी करणाऱ्या बापासारखा झाला.

"भाऊजी, भिंगाला बोट लावायचं नाही. धूळ लागू द्यायची नाही. उन्हात ठेवायचं नाही."

"मग फोटो काय कपाटात बसून काढू?"

"ते तुम्ही पाहा," रत्नाकर म्हणाला, आणि लांब भिंगावरून शेवटचा हात फिरवून स्टेशनकडे गेला.

पहिले काही दिवस मी सकाळी फॅक्टरीचा भोंगा होण्याआधी गच्चीवर उभा राहायचो. पाखरू टाकीवर बसलेलं असायचं. मी कॅमेरा डोळ्याला लावला की त्याला दुसरीकडे काम निघायचं. रोलमध्ये टाकीचे फोटो मात्र भरपूर जमा झाले. लपून बसल्याशिवाय हे जमणार नाही, हे मला कळलं. दुर्दैवाने ते मोहल्ल्यालाही कळलं.

आमच्या मोहल्ल्यात सल्ला द्यायला कोणी कधी कंजुषी केली नाही. शेजारच्या गच्चीवरच्या बेबीताई म्हणाल्या, "दाणे टाका नं भाऊ. ज्वारी टाका. पाखरू आहे, येईल." मी सांगितलं की हे पाखरू मांसाहारी आहे. बेबीताईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी त्याला ती सवय लावली. समोरचे भय्यासाहेब पोस्टातून रिटायर झालेले आणि सगळ्या विषयांत पारंगत. ते म्हणाले, "मुरलीधरराव, पाखराला हिरवा रंग दिसतच नाही. शास्त्र आहे. अंगावर हिरवं घ्या, तुम्ही अदृश्य." मी दिवाणखान्याचा हिरवा पडदा काढून अंगाला गुंडाळला आणि गच्चीवर बसलो. पाखराला मी दिसलो. शिवाय शाळेत निघालेल्या सगळ्या पोरांना दिसलो. "अंकल जी तोता बने हैं," असं ओरडत ती गेली. ससाण्याने मान वळवून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो गोहलपूरच्या दिशेने निघून गेला. त्या दिवशी भय्यासाहेबांचं म्हणणं पडलं की पडदा पुरेसा हिरवा नव्हता, आणि एवढी हौस असेल तर मी तिलवाऱ्याला नर्मदेवर जावं, तिथे घारी पोत्याने मिळतात.

शेवटी मी स्वतःच एक मचाण बांधलं. बेबीताईंकडे एक जुनी बाज होती. आमच्या नागपूरकडच्या बोलीत सुतळीने विणलेल्या खाटेला बाज म्हणतात, हे इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे या एका शब्दाने माझ्या चौकशीत भलताच घोळ घातला. त्यांच्या बाजेची सुतळी ढिली पडली होती, म्हणून त्यांनी ती मला देऊन टाकली. ती मी कठड्याजवळ आडवी उभी केली, तिच्यावर बारदान शिवलं, वरून आंब्याच्या डहाळ्या बांधल्या आणि मध्ये भिंगापुरतं भोक ठेवलं. आत एक स्टूल. पाठीला चुना लागू नये म्हणून उशी. सगळं झाल्यावर मी शैलजाला वर बोलावलं.

तिने चारी बाजूंनी पाहिलं. "आत झोपणार का?"

"आत लपणार."

"बाहेरूनही दिसत नाही म्हणा तुम्ही," ती म्हणाली. तिच्याकडून एवढं कौतुक म्हणजे पुष्कळ झालं.

आणि खरंच, दुसऱ्या आठवड्यात पाखरू माझ्यासमोर जेवू लागलं. टाकीच्या कडेवर एका पायाने पारवा धरायचा आणि पिसं उपटून हवेत सोडायची, लग्नात अक्षता टाकाव्यात तशी. मी एकेक फोटो काढायचो, आणि गोठलेल्या बोटांनी, अगदी सुखात, फॅक्टरीत जायचो. एकच अडचण होती. वारा बेबीताईंच्या गच्चीकडे होता आणि तिथे मूगवड्या वाळत होत्या. पिसांपर्यंत त्यांनी सहन केलं. पण एका सकाळी वड्यांच्या मधोमध पारव्याचा एक गुलाबी पाय पडला, बोटांसकट. बेबीताई चातुर्मासात कांदासुद्धा शिवत नाहीत. त्यांनी तो पाय चिमट्यात धरून आमच्या दारापर्यंत आणला.

"हे तुमचं," त्या म्हणाल्या.

"ताई, मी फक्त फोटो काढतो हो."

"मग त्याला सांगून द्या नं, तिकडे तोंड करून खात जा म्हणून!"

इतपत सगळं ठीक होतं. मग डिसेंबर उजाडला आणि लढाई सुरू झाली.

जबलपूर म्हणजे फॅक्टऱ्यांचं गाव. तोफा, गोळे, गाड्या, सगळं इथलंच. रेडिओवर बातमी येताच काचांना काळे कागद लागले आणि फॅक्टरीत दुहेरी पाळ्या सुरू झाल्या. मोहल्ल्याच्या संरक्षणाची जबाबदारी भय्यासाहेबांकडे आली. त्यांना एक टोप, दंडाला बांधायची पट्टी आणि शिट्टी मिळाली. टोप मोठा होता, त्यामुळे त्यांना माणूस पाहायचा तर मान मागे टाकावी लागे, आणि बोलताना ते सगळ्यांकडे तुच्छतेने पाहत आहेत असं वाटे. पाहणी करत करत ते आमच्या गच्चीवर आले, मचाणासमोर थांबले आणि एकदम गंभीर झाले.

"उत्तम मोर्चा बांधला, मुरलीधरराव. आधीच सांगायचं नाही का? किती माणसं बसतील आत?"

मी खरं सांगायला हवं होतं. पण आयुष्यात प्रथमच कोणी माझ्या कामाला उत्तम म्हटलं होतं. मी "एकच" म्हणालो आणि गप्प बसलो. दोन दिवसांत बातमी पसरली की पांढरीपांड्यांच्या गच्चीवर विमान पाडायची तोफ बसवली आहे. दूधवाल्याने अदबीने विचारलं, "भैया जी, मुँह किस तरफ रखा है उसका?"

तोफेचं तोंड टाकीकडे होतं. आणि मी इतके दिवस ध्यानात न घेतलेली गोष्ट ही, की टाकीच्या मागे थेट फॅक्टरीच्या शेडी दिसत. सकाळचं ऊन भिंगावर पडलं की ते लखकन चमके. ती चमक भय्यासाहेबांना त्यांच्या गच्चीवरून दिसली. एकदा दिसली, दोनदा दिसली, आणि मग ते आमच्याकडे आले. पायताण बाहेर काढून, टोप काखेत धरून, नीट खुर्चीवर बसले.

"मुरलीधरराव, तुम्ही आरशाने विमानांना खुणा करून राहिले असा मला संशय आला आहे. तशी तक्रार मी आत्ताच ठाण्यावर देऊन आलो. ड्यूटी आहे माझी. मनात काही आणू नका."

शैलजा स्वयंपाकघरातून म्हणाली, "चहात साखर किती घेता?"

"दीड चमचा," भय्यासाहेब म्हणाले. त्यांचा चहा संपता संपता पोलीस आले. भय्यासाहेबांनी त्यांना आमचं घर दाखवलं, म्हणजे आतूनच हात केला.

कॅमेऱ्यासकट मला ठाण्यावर नेलं. तिथले इन्स्पेक्टर पटेरिया नावाचे होते. धिप्पाड, उदास चेहऱ्याचे, गळ्याला मफलर, आणि मिशा अशा की खालचा ओठ आहे की नाही हे समजू नये. माझ्या नावापाशीच त्यांचा बराच वेळ गेला. "पांडे हो, तो पांडे लिखाओ। ये पांढरी क्या है?" मी म्हटलं, आडनाव आहे. त्यांनी हवालदाराकडे पाहिलं. हवालदाराने "पांडे उर्फ पांढरी" असं लिहून घेतलं. मला उर्फ लागलं! आमच्या सात पिढ्यांत कोणाला उर्फ लागलं नव्हतं.

मग पटेरियांनी कॅमेरा हातात घेऊन त्यावरची अक्षरं पाहिली. "ये कौन सी भाषा है?"

"रशियन आहे जी. म्हणजे, रूसी है।"

"हूँ। रूस तो दोस्त है," ते जरा सैल झाले. मी पाखराच्या फोटोची हकीकत सांगितली. "और ये पक्षी? ये कहाँ का है?"

प्रामाणिकपणा माणसाला कुठे नेतो पाहा. मी म्हणालो, "साइबेरिया की तरफ से आता है साहब।"

पटेरियांनी लेखणी खाली ठेवली. "कैमरा भी रूस का, पक्षी भी रूस का। और आप फैक्टरी के। आप ही बताइए, मैं क्या समझूँ?"

"साहेब, फोटो पाहा. रोल धुवा. त्यात पक्षीच आहे, दुसरं काही नाही," मी काकुळतीने म्हणालो. घाबरलो की मी मराठीत येतो. सुदैवाने हवालदाराला "रोल" एवढा शब्द कळला. दुर्दैवाने त्याला तेवढाच कळला. त्याने खटकन कॅमेऱ्याची पाठ उघडली, आतली फिल्म हातभर ओढून काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि नीट निरखून म्हणाला, "साहब, इसमें तो कुछ भी नहीं है।"

माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून बाहेरचा शिपाई आत धावत आला. इतक्या सकाळची थंडी, इतकं चोरून बसणं, इतकी पिसं, सगळं त्या एका उजेडात काळंठिक्कर पडलं. पटेरियांना फिल्मची माहिती असावी, कारण त्यांनी कपाळाला हात लावला. पण हाताखालच्या माणसाला माझ्यासमोर बोलणं बरं दिसलं नसतं. त्यांनी कागदावर घेतलं की रोलमध्ये आक्षेपार्ह काही आढळलं नाही, आणि तसंच निर्दोष असंही काही आढळलं नाही. लांब भिंग जप्त झालं. कॅमेरा आणि छोटं भिंग मला परत मिळालं, कारण त्यातून लांबचं काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फॅक्टरीच्या गेटवर मला थांबवलं. सिक्युरिटीच्या साहेबांनी अगदी सभ्यपणे सांगितलं, "पुलिस का मामला साफ होने तक आप घर पर ही रहिए, पांडे जी।"

इथून पुढचे दिवस मला आजही नको वाटतात. सगळा मोहल्ला दुहेरी पाळी करत होता. सकाळी भोंगा झाला की गल्लीतून सायकलींची रांग निघे, डब्यांचा खडखडाट होई, आणि मी दाराशी पायजम्यावर उभा. आमच्याच स्टोअर्समधून माल सुटल्याशिवाय पुढचं काम अडतं, हे मला ठाऊक होतं, आणि माझ्या खुर्चीवर दुसरा बसला होता. ओळखीचे लोक सायकलीवरून मान हलवायचे, पण थांबायचे नाहीत. दूधवाला दूध घालताना काही विचारीनासा झाला. रत्नाकरने इटारसीहून शेजारच्या दुकानात फोन केला. "भाऊजी, भिंगाला ऊन तर नाही नं लागून राहिलं?"

"मुळीच नाही," मी म्हणालो. "पोलिसांच्या कोठडीत आहे."

पलीकडे नुसती खरखर ऐकू आली. फोन कटला की तो पडला, हे अजून कळलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी शैलजाला म्हणालो, "मचाण उतरवून टाकतो. बाज बेबीताईंना परत देतो."

"काहून?" ती एकदम उसळली. "चोरी केली का तुम्ही? पाखरू आहे नं तिथं? रोज येते नं? मग त्या पोलिसाला आणून बसवा म्हणजे झालं. पाहील त्याचा तो."

मी म्हटलं, पोलिसाला असं कोणी बोलावतं का? सकाळी पदर खोचून ती रिक्षात बसून ठाण्यावर गेली आणि पटेरियांना, माझ्या माहितीप्रमाणे, पुढील शब्दांत निमंत्रण देऊन आली: "आप हमारे घर आइए, बैठिए, वो आता है, देखके जाइए। नाश्ता वहीं होगा।"

पटेरिया आले. हवालदार आला. आधी साक्षीदार म्हणून बेबीताईंना पुकारलं. ससाण्याला हिंदीत सगळे बाजच म्हणतात, तेव्हा पटेरियांनी सरळ विचारलं, "माता जी, आपने इनकी छत पर बाज देखा है?"

"देखा क्या, वो तो हमाराच है," बेबीताई म्हणाल्या.

पटेरिया चमकले. "आपका? पालतू है?"

"घर काच है। सासरे के टाइम से।"

"इतना पुराना! तो इनको क्यों दिया?"

"ढीला हो गया था नं," बेबीताई म्हणाल्या. "बीच में से झोल खाता था। चार पाय में से एक तो हिलताच था। पहले उस पे हमारे सासरे सोते थे।"

हवालदाराची लेखणी थांबली. चार पायांच्या, ढिल्या झालेल्या, सासरे ज्यावर झोपत अशा शिकारी पक्ष्याकडे पटेरिया मनातल्या मनात पाहत राहिले. मी मध्ये पडून खुलासा केला, त्यांना मचाणाजवळ नेलं आणि खाटेचे चार पाय मोजून दाखवले. त्यांनी ते मोजले. मग म्हणाले, "देखिए, मुझे खाट नहीं, पक्षी दिखाइए। पक्षी है तो आप शौकीन आदमी हैं। नहीं है, तो..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही, आणि ते न सांगितल्यामुळे माझी झोप उडाली.

त्या दिवशी पक्षी आला नाही. येणार कसा? चारी गच्च्यांवर माणसं होती. पोहे फिरत होते. लोकांनी शांत राहावं म्हणून भय्यासाहेब जोरजोरात शिट्टी वाजवत होते. अर्ध्या मैलात चिमणी उरली नाही. दुसऱ्या दिवशी पटेरियांनी सगळ्यांना गच्चीवर यायला बंदी केली, तर त्या बंदीची अंमलबजावणी करायला भय्यासाहेब शिट्टी घेऊन गल्लीत उभे राहिले. जाताना पटेरिया फक्त म्हणाले, "कल आखिरी बार आऊँगा, पांडे जी। ऊपर से पूछ रहे हैं।"

मी ओमती भागातल्या श्रीकांतच्या फोटो स्टुडिओत गेलो. लढाईत रोल मिळत नव्हते. श्रीकांतने लग्नाच्या ऑर्डरीसाठी दडवलेला एक काढून दिला आणि म्हणाला, "साध्या भिंगाने टाकीवरचं पाखरू घेणार? मोहरीएवढं येईल हो." मला ते माहीत होतं. पण मोहरी तर मोहरी.

सकाळी पटेरिया एकटेच आले. साधे कपडे, अंगावर तपकिरी शाल, पायात आवाज न करणाऱ्या चपला. भय्यासाहेबांना शैलजाने आमच्याच दिवाणखान्यात चहा देऊन बसवून घेतलं होतं आणि शिट्टी "पाहू बरं" म्हणून हातात घेतली होती. मचाणात एकासाठी जागा. आम्ही दोघे गुडघ्याला गुडघा लावून आत शिरलो. धुकं होतं. टाकी असल्यासारखी वाटत होती, इतकंच.

पटेरिया इतके स्तब्ध बसले होते की मी एकदा ते झोपले तर नाहीत ना म्हणून पाहिलं. ते जागे होते. अगदी हळू आवाजात म्हणाले, "चंबल में पोस्टिंग थी मेरी। ऐसे ही बैठे रहते थे, नाले में। डाकू के इंतज़ार में।"

"मिला?"

"कभी नहीं आया।" मग थोड्या वेळाने, "पर बैठना अच्छा लगता था। थाने में तो साला कोई चुप ही नहीं रहता।"

मी उशी त्यांच्या पाठीमागे सरकवली. त्यांनी ती घेतली. माझ्या मनात आलं की मी खरोखरच हेर असतो, तर या माणसाने न कंटाळता बसून मला केव्हाच पकडलं असतं. तो कंटाळणाऱ्यांतला नव्हताच.

ऊन वर आलं. धुकं विरळ झालं. टाकी रिकामी होती. फॅक्टरीचा भोंगा झाला, सायकली गेल्या. पटेरियांनी शाल सावरली, आता उठणार, आणि तेवढ्यात आमच्या डोक्यावर कापड टरकावल्यासारखा तो आवाज झाला.

तो टाकीवर गेलाच नाही. पारवा जड असावा, किंवा मोठा असावा, कोण जाणे. तो दमून आमच्याच कठड्यावर उतरला. आमच्यापासून दोन हातांवर. पंख अर्धे पसरलेले, चोच उघडी, पायाखाली पारवा. त्याच्या पाठीवरच्या प्रत्येक पिसाची कड मला दिसत होती. त्याने मान वळवली आणि त्या पिवळ्या कडांच्या काळ्या डोळ्यांनी बारदानाच्या भोकातून सरळ आत पाहिलं. त्याच्याही मिशा, यांच्याही मिशा. दोघे एकमेकांकडे पाहत होते. पटेरियांनी श्वास घेणं सोडलं होतं. मीही. खाली दिवाणखान्यात कपबशी वाजल्याचं ऐकू आलं.

"खींचिए," पटेरिया ओठ न हलवता म्हणाले. आणि स्वतः मात्र, नकळत, पुढे सरकले. अजून थोडे. ढिल्या सुतळीतून, बारदानाचं भोक मोठं करत, शालीसकट त्यांचं डोकं बाहेर गेलं. भोकाच्या कडेतून भिंग बाहेर काढून मी बटण दाबलं. पाखरू उडालं. एक पीस पटेरियांच्या मिशीवर येऊन बसलं आणि ते त्यांनी काढलं नाही.

ते खाली आले तेव्हा भय्यासाहेब उभे राहिले. "कुछ मिला साहब?"

"बाज है," पटेरिया म्हणाले. "मैंने देखा है। मैंने खुद देखा है।" मग खुर्चीवर बसून त्यांनी शैलजाने दिलेले पोहे खाल्ले आणि पुन्हा एकदा, पोह्यांकडे पाहून म्हणाले, "देखा है मैंने।"

त्यानंतर फार काही उरलं नाही. ठाण्याच्या कागदांत एका जिवंत, बेवारस बाज पक्ष्याची नोंद झाली, खाली इन्स्पेक्टरांची प्रत्यक्षदर्शी म्हणून सही झाली आणि मी माझ्या खुर्चीवर परत गेलो. तिथला कामाचा ढीग पाहून मला इतका आनंद झाला की शेजारच्याला माझी काळजी वाटली. लढाई संपली. गल्लीत फटाके उडाले, काचांवरचे कागद निघाले, भय्यासाहेबांनी टोप परत केला. शिट्टी मात्र सापडली नाही असं त्यांनी वर कळवलं.

फोटो आणायला मी श्रीकांतकडे गेलो. त्याने पाकीट पुढे केलं. "पाखरू नाही आलं. पण हे कोण आहेत ते फार छान आलेत."

फोटोत एका बाजूला धूसर पट्टा होता. पंख म्हणा, नाही तर शालीचं टोक म्हणा. बाकी सगळ्या फोटोभर पटेरियांचा चेहरा होता, बाजूने घेतलेला, उन्हात अगदी स्पष्ट. तोंड उघडं, भुवया वर, डोळे लहान मुलासारखे लकाकणारे. त्यांना खालचा ओठ होता, हे मला त्या दिवशी कळलं.

तो फोटो घेऊन मी ठाण्यात गेलो. सरकारी माणसाचा आ वासलेला फोटो काढणं हा कोणता गुन्हा होतो, मला ठाऊक नव्हतं. पटेरियांनी तो हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. हवालदार खांद्यावरून डोकावला. "साहब, इसमें बाज कहाँ है?"

पटेरियांनी त्याला चहा आणायला पाठवलं. मग म्हणाले, "पांडे जी, एक कॉपी और बनवा दीजिए। घर में रखूँगा। मेरी घरवाली बीस साल से कहती है कि मेरी एक भी फोटो ऐसी नहीं जिसमें मैं किसी चीज़ से खुश दिखूँ। शादी वाली भी नहीं।" त्यांनी कपाट उघडून लांब भिंग माझ्या हवाली केलं. ते त्यांनी मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. रत्नाकरनेही इतकं नीट ठेवलं नसतं. मी उठलो तेव्हा ते जरा खाकरले आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "वो... अभी भी आता है क्या?"

"रोज येतो साहेब."

"इतवार को मेरी छुट्टी रहती है," पटेरिया म्हणाले.

रविवारी धुक्यात तपकिरी शाल पांघरून ते जिना न वाजवता वर आले. शैलजाने चहाचं आधण वाढवलं आणि मला हलवून उठवलं, "उठा, तुमचे पोलीस आले." मी कॅमेरा आणि उशी घेऊन वर पळालो. समोरच्या गच्चीवर भय्यासाहेब तुळशीला पाणी घालत होते. त्यांनी पटेरियांना पाहिलं, मला पाहिलं, हातातला तांब्या तसाच ठेवला आणि लगबगीने खाली उतरले. आम्ही मचाणात गुडघ्याला गुडघा लावून बसतो न बसतो तोच खालून, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्यांचा आवाज ऐकू येऊ लागला की पांढरीपांड्यांना पुन्हा पकडलं.